मैत्रीचा अनुशेष

आमच्या वरुड-मोर्शी भागात संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा करायला व्यापारी बगिच्यात आला, की झाडं पाहण्याआधी बोलणं एका परदेशावर येतं. "भाऊ, बांगलादेश चालू असन तं भाव देतो, बंद असन तं मंग तुम्हीच सांगा." गेल्या काही वर्षांत हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो आहे. ज्या कास्तकाराला ढाका नकाशावर दाखवता येणार नाही, त्यालाही बांगलादेशच्या सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावर ट्रक खोळंबलेत की सुटलेत, याची खबर असते. परराष्ट्र धोरण हा दिल्लीतल्या मोठ्या लोकांचा विषय आहे असं आमच्याकडे कोणी मानत नाही, कारण त्याचा हिशेब आमच्या क्रेटांवर होतो.

बांगलादेश हा नागपुरी संत्र्याचा सर्वांत मोठा परदेशी गिऱ्हाईक. २०१९ च्या सुमारास त्यांनी आपल्या संत्र्यावर किलोमागे २० रुपयांच्या आसपास आयात शुल्क लावलं. ते चढत चढत २०२३ पर्यंत ८८ रुपयांवर गेलं. बागेत जे फळ किलोला वीस-पंचवीस रुपयांना मिळतं, त्यावर ८८ रुपये शुल्क! निर्यात गडगडली. मग राज्य सरकारने शुल्काच्या निम्म्याइतकं, म्हणजे किलोमागे ४४ रुपये अनुदान द्यायचं जाहीर केलं. त्या वर्षी आमच्या चार एकरांतल्या मालाचा इसार देऊन गेलेला व्यापारी परत आलाच नाही. त्याने इसारावर पाणी सोडलं, आम्ही फळांवर. झाडाखाली फळांचा सडा पडलेला असताना माझी आई एक-एक फळ उचलून पाटीत टाकत होती, आणि त्या पाटीचं पुढे काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही.

हे शुल्क का वाढलं? आमच्याकडे त्याचं एकच उत्तर दिलं जातं. शेजारचे एक काका म्हणाले होते, "आपण त्यायचा कांदा अडवला, त्यायनं आपला संत्रा अडवला. मार कोणाले बसला? कास्तकारालेच." हे पूर्ण खरं नाही. बांगलादेशात २०२२ पासून डॉलरची टंचाई होती, परदेशी फळं चैनीच्या यादीत गेली, आणि त्यांचे स्वतःचे माल्टा हे संत्र्यासारखं फळ पिकवणारे शेतकरीही उभे राहत होते. ही कारणं खरी आहेत. पण काकांचं म्हणणं उडवून लावावं असंही नाही. २०१९ च्या सप्टेंबरात भारताने कांद्याची निर्यात एका रात्रीत बंद केली. काही दिवसांनी बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा भर सभेत त्यांनी हसत हसत सांगितलं, की मी माझ्या स्वयंपाक्याला कांदा वापरू नकोस म्हटलंय, पुढच्या वेळी आधी कळवलं तर बरं होईल. सभागृह हसलं. पुढच्याच वर्षी, २०२० च्या सप्टेंबरात, आपण पुन्हा तसंच केलं, आणि २०२३ च्या डिसेंबरात आणखी एकदा. एका देशाची पंतप्रधान आपल्या राजधानीत येऊन 'आधी सांगा' एवढंच मागते, आणि तेवढंही आपल्याला जमत नाही, हे मला आजही बोचतं.

मोठा देश आणि लहान लोकशाही यांची मैत्री कशी असावी, या प्रश्नाकडे मी पांदणीवरून, म्हणजे वावरात जायच्या वाटेवरून, पाहतो. दुसरी नजर माझ्याकडे नाही. चाळीस एकरांच्या मालकाच्या वावरापलीकडे दोन एकरवाल्याचं वावर असतं. दोन एकरवाल्याची बैलबंडी, त्याचं खत, त्याचा कापूस, सगळं मोठ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जातं. रोजचं बोलणं-चालणं चांगलं असतं, लग्नाकार्यात पंगतीला शेजारी बसतात. पण एखाद्या साली कुरबुर झाली, की मोठा धुऱ्यावर काटे टाकतो. बस, तेवढंच. त्याला मारामारी करावी लागत नाही. दोन एकरवाल्याचा कापूस वावरातच भिजतो. तरी गावात तहसीलदार आहे. जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली वाट मागता येते, मामलेदार कोर्टात वहिवाटीचा अडथळा काढून घेता येतो. निकालाला वर्षं लागतात, पण दाद मागायला दार आहे.

दोन देशांमध्ये तहसीलदार नसतो. नेपाळ आणि भूतान यांची पांदण आपल्या वावरातून जाते, बांगलादेशला आपण तीन बाजूंनी वेढलेलं आहे. काटे टाकायचे की नाहीत, हे शेवटी आपणच ठरवणार. म्हणून अशा मैत्रीची सगळी भिस्त मोठ्याच्या संयमावर असते. त्याने दिलेला शब्द त्याच्या गैरसोयीच्या दिवशीही टिकला पाहिजे. दोन्ही बाजूंनी सारखं मोजायला लागलो, की मोठ्याचंच मापटं खरं ठरतं आणि ते सारखेपण फसवं असतं. इंद्रकुमार गुजराल परराष्ट्रमंत्री असताना १९९६ मध्ये हेच धोरण म्हणून मांडलं गेलं होतं: नेपाळ, भूतान, बांगलादेश, मालदीव, श्रीलंका यांच्याशी वागताना भारताने परतफेडीची अट न घालता हात पुढे करावा. पुष्कळांनी त्याला भाबडेपणा म्हटलं. मला ते हिशेबी शहाणपण वाटतं.

लहान म्हणजे किती लहान, याची कल्पना आपल्याला सहसा नसते. भूतानची सगळी लोकसंख्या आठ लाखांच्या आत आहे. आपला गडचिरोली, राज्यातला विरळ वस्तीचा जिल्हा, २०११ च्या जनगणनेत १० लाख ७२ हजारांचा होता. विदर्भाच्या क्षेत्रफळात भूतान अडीच वेळा मावतो. एवढ्या देशाच्या दारात आपण उभे राहतो, तेव्हा हसऱ्या चेहऱ्यानेही त्याच्या अंगणात आपली सावली पडतेच. नेहरू १९५८ मध्ये घोड्यावर, याकवर बसून खिंडी ओलांडत पारोला गेले, आणि तिथे त्यांनी भूतानी लोकांना सांगितलं की भारत मोठा आहे म्हणून तुम्हाला दडपण वाटू शकेल, पण तुम्ही स्वतंत्र राहावं, तुमच्या मनासारखं जगावं, हीच आमची इच्छा आहे. त्या सावलीची जाणीव असणारा माणूसच असं बोलू शकतो.

बांगलादेश मात्र लोकसंख्येने लहान नाही, आपल्या महाराष्ट्रापेक्षाही मोठा आहे. तरी आपल्यापुढे लहानच. आणि त्याच्याशी विदर्भाचं नातं संत्र्याच्या पलीकडचं आहे. १९७१ मध्ये सुमारे १ कोटी निर्वासित भारतात आले, आणि त्या नोव्हेंबरपासून प्रत्येक पत्रावर ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांनी मामाला लिहिलेल्या पत्रांवर ते तिकीट अजून आहे. पीक-पाण्याची खबर, म्हशीला रेडकू झाल्याची बातमी, आणि कोपऱ्यात निर्वासितांसाठीचे ५ पैसे. त्याच्याही आधी, १९६२ च्या सप्टेंबरात, पवनारचे विनोबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून १६ दिवस पायी चालले. तिथल्या शेतकऱ्यांकडे त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली, आणि लोकांनी दिली. गडचिरोलीत मुलचेरा-चामोर्शीकडे गेलात तर बंगाली बोलणारी गावंच्या गावं दिसतील. पूर्व बंगालातून उखडून आलेली माणसं तिथे धान लावतात, मासे पाळतात, आणि त्यांची नातवंडं वऱ्हाडी-झाडीबोली मिसळून मराठी बोलतात.

पण १९७१ चा उल्लेख आला की आपल्याकडे एक सवय डोकं वर काढते. 'आम्ही तुम्हाला स्वातंत्र्य मिळवून दिलं.' समाजमाध्यमांवर, टीव्हीच्या चर्चेत, पारावरही. आपल्या जवानांनी तिथे रक्त सांडलं, हे सत्य आहे आणि ते विसरता कामा नये. पण लढा त्यांचा होता, मेलेल्यांत त्यांचे लाखो लोक होते. केलेली मदत दर वेळी बोलून दाखवली की घेणाऱ्याच्या मनात आधी अवघडलेपण येतं आणि मग राग. हे घराघरांत आपण पाहतो. धाकट्या भावाच्या शिक्षणाला पैसे देणारा थोरला ते प्रत्येक सणाला काढायला लागला, की तो धाकटा सणाला येणंच सोडतो. आज तिथे विशी-पंचविशीत असलेल्या पिढीने १९७१ पाहिलेलं नाही. तिने सीमेवरचं कुंपण पाहिलं, व्हिसाची रांग पाहिली आणि तिस्ता नदीच्या पाणीवाटपाचा रखडलेला करार पाहिला. २०११ मध्ये तो सहीच्या उंबरठ्यावर होता. पश्चिम बंगाल सरकारने विरोध केला आणि तो तिथेच थांबला.

लहान बाजूला उभं राहणं कसं असतं, हे आपण स्वतः भोगलेलं आहे. आमच्या घरातले म्हातारे अजून मिलोची गोष्ट सांगतात. रेशनवर मिळणारी अमेरिकेची ती तांबडी ज्वारी, जिची भाकर थापली तर तुटायची आणि जिचा वास घरभर राहायचा. १९६५-६६ च्या दुष्काळी वर्षांत आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो. व्हिएतनामच्या युद्धावर भारताने टीका केली, शेती धोरणावरून मतभेद झाले, आणि अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडायला सुरुवात केली. पुढच्या महिन्याचं जहाज निघेल की नाही, याची वाट पाहत आपलं सरकार बसायचं. गहू मिळाला, माणसं वाचली, हे अमेरिकेचं ऋण आहे. पण त्या आखडलेल्या दोरीची जी चीड बसली, ती गव्हापेक्षा जास्त काळ टिकली. आपल्या पुसदकडचे वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या, असं ते जाहीर सभेत बोलून गेले. संकरित ज्वारी आमच्या वावरात आली ती त्या जिद्दीतून.

आणि जुन्या गोष्टी कशाला? २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के शुल्क लावलं, त्यातलं निम्मं रशियाकडून तेल घेतल्याची शिक्षा म्हणून. त्याच महिन्यात कापडगिरण्यांना दिलासा म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे वॉशिंग्टनला राग आला आणि ऐन वेचणीच्या हंगामात यवतमाळ-हिंगणघाटच्या कापसाचा भाव दबला. तेव्हा आपण सगळे म्हणालो की हा अन्याय आहे, व्यापाराचा आसूड करणं हे मैत्रीत बसत नाही. अगदी बरोबर म्हणालो. मग तोच न्याय आपण ढाक्याला आणि काठमांडूला लावला पाहिजे.

२०१५ मध्ये नेपाळ भूकंपातून सावरतही नव्हता, तेव्हा नव्या संविधानावरून भारताला लागून असलेल्या तराईत आंदोलन पेटलं आणि सीमेवरून इंधन, औषधं जाणं थांबलं. नाकेबंदी आम्ही केली नाही, आंदोलकांनी केली, असं दिल्ली म्हणाली. पण ज्या नेपाळी बाईने त्या हिवाळ्यात गॅसऐवजी चुलीत लाकडं घातली, तिने ते मान्य केलं नाही. पुढच्या मार्चमध्ये त्यांच्या पंतप्रधानांनी बीजिंगमध्ये चीनशी मालवाहतुकीचा करार केला. हिमालय ओलांडून माल आणणं महाग आणि अवघड आहे, हे त्यांनाही कळत होतं. तरी केला. कांद्याचंही तसंच झालं. बांगलादेशने तुर्कस्तानातून, इजिप्तमधून, अगदी पाकिस्तानातूनही कांदा मागवला आणि घरच्या लागवडीवर भर दिला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढलं की त्याला परत आणायला दुप्पट कष्ट पडतात, हे वरुडच्या बाजारातला पोरगाही सांगेल.

२०२५ च्या एप्रिल-मे मध्ये तर एकामागून एक काटे पडले. आपण बांगलादेशी मालाला आपल्या बंदरांतून, विमानतळांतून तिसऱ्या देशात जाण्याची सवलत काढली. त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांतून आपलं सूत घेणं बंद केलं. आपण त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरचे नाके बंद केले, फक्त कोलकाता आणि न्हावाशेवा बंदरं उघडी ठेवली. त्यांच्या सूतबंदीचा अर्थ आमच्याकडे लगेच कळतो, कारण आमचा कापूस जिनिंगमधून गिरणीत, गिरणीतून सूत होऊन तिकडे जातो, आणि शर्ट होऊन जगभर विकला जातो. साखळीची एक कडी त्यांच्या हातात आहे. ती तुटली की आवाज सुतगिरणीत होतो आणि दुखतं वावरात.

हे सगळं लिहिताना मला एकतर्फी व्हायचं नाही, कारण भारताने जे मोठेपण दाखवलं आहे त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. आपण ते पुरेसं सांगत नाही, आणि त्यातून शिकतही नाही. १९७४ च्या सीमा कराराचं उदाहरण घ्या. फाळणीनंतर सीमेच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या भूमीचे तुकडे अडकले होते, बांगलादेशात आपले १११ आणि आपल्याकडे त्यांचे ५१. त्यात राहणाऱ्या माणसांना ना शाळेत नाव घालता येई, ना दवाखान्यात, ना मतदान. बाळंतपणासाठी बाईला खोटा नवरा दाखवून दुसऱ्याच्या नावाने भरती करावं लागे, अशा त्या भागातल्या कहाण्या आहेत. बांगलादेशने करार त्याच वर्षी मंजूर केला. आपल्याला ४१ वर्षं लागली. पण २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती झाली तेव्हा संसदेत एकही मत विरोधात पडलं नाही. या अदलाबदलीत आपण सुमारे १७ हजार एकर जमीन दिली आणि सुमारे ७ हजार एकर घेतली. हातभर धुऱ्यासाठी सख्ख्या भावाशी दोन पिढ्या कोर्टात भांडणाऱ्या आम्हा कास्तकारांना या आकड्यांचं वजन कळतं. दहा हजार एकर सोडून देऊन आपण ५० हजारांहून जास्त माणसांना देश दिला, आणि सीमेचा कायमचा तंटा मिटवला.

त्याच्या आधीच्या वर्षी, २०१४ च्या जुलैत, बंगालच्या उपसागरातल्या सागरी हद्दीचा निकाल आंतरराष्ट्रीय लवादाने दिला. वादातल्या सुमारे २५,६०० चौरस किलोमीटरांपैकी १९,४६७ बांगलादेशच्या वाट्याला गेले. भारताने निकाल मान्य केला, कुरकुर केली नाही. वर मी म्हटलं की देशांमध्ये तहसीलदार नसतो. तिथे आपण एक तहसीलदार मानला आणि त्याचा विरोधातला निकाल डोक्यावर घेतला. दक्षिण चीन समुद्राबाबत चीन लवादाचा निकाल कागदाच्या कपट्यासारखा फेकून देतो, तेव्हा जगाला दोन मोठ्या देशांतला फरक दिसतो.

भूतानशीही असंच. १९४९ च्या करारात भूतानने परराष्ट्र व्यवहारात भारताच्या सल्ल्याने चालावं असं कलम होतं. २००७ मध्ये आपण ते काढून टाकलं, भूतानमध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्या आदल्या वर्षी. आणि भूताननेही मैत्री फुकट घेतलेली नाही. २००३ च्या डिसेंबरात त्यांच्या एवढ्याशा सैन्याने आसामच्या अतिरेक्यांचे तळ आपल्या जंगलांतून उखडून काढले, राजा स्वतः आघाडीवर गेला. पण २०१३ मध्ये तिथल्या निवडणुकीच्या ऐन तोंडावर भारताकडून स्वयंपाकाच्या गॅसवरची आणि रॉकेलवरची सवलत थांबली. थिंफूत सिलिंडरचा भाव भडकला. कारण कागदोपत्री काही असेल, पण भूतानी मतदाराने त्याचा जो अर्थ लावायचा तो लावला. निवडणुकीनंतर सवलत परत आली, तेव्हा तो अर्थ आणखी घट्ट झाला. कोविडच्या वेळीही हेच दोन चेहरे दिसले. २०२१ च्या जानेवारीत आपल्या पुण्यात बनलेली लस भेट म्हणून सर्वांत आधी पोहोचली त्यांत भूतान होता. तिथल्या प्रौढांचा पहिला डोस दोन आठवड्यांत उरकला, जगाने कौतुक केलं. मग आपल्याकडे दुसरी लाट आली आणि निर्यात बंद झाली. स्वतःची माणसं मरत असताना ती बंद करणं मी समजू शकतो. पण दुसऱ्या डोससाठी भूतानला अमेरिका, डेन्मार्क अशा दारांवर जावं लागलं, आणि बांगलादेशने ज्या ३ कोटी डोसांचा करार केला होता त्यातले थोडेच वेळेत पोहोचले. पैसे भरलेल्या माणसाला निदान तारीख तरी द्यावी लागते.

माझ्या मते आपली सर्वांत मोठी चूक वेगळीच आहे. आपण देशाशी नातं जोडण्याऐवजी एका घराशी सोयरीक करतो. शेख हसीनांनी भारतासाठी खूप केलं. ईशान्येतल्या अतिरेक्यांना थारा दिला नाही, त्यांचे म्होरके आपल्या हवाली केले. त्याची जाण ठेवणं योग्यच. पण २०१४ आणि २०२४ च्या निवडणुकांवर तिथल्या मुख्य विरोधी पक्षाने बहिष्कार घातला, मतदार घरी बसले, आणि आपण मात्र काही बिनसलंच नसल्यासारखे अभिनंदन करत राहिलो. ५ ऑगस्ट २०२४ ला विद्यार्थ्यांच्या उठावात ते सरकार कोसळलं आणि हसीना भारतात आल्या. त्या दिवशी ढाक्याच्या रस्त्यावरच्या तरुणाला भारत आपल्या विरोधातल्या बाजूचा वाटला. लोकशाहीत सरकारं बदलतात, बदललीच पाहिजेत. शेजारच्या लोकशाहीशी मैत्री करायची तर तिथल्या विरोधी पक्षाशी, विद्यापीठांशी, शेतकऱ्यांशी, वर्तमानपत्रांशी बोलणं चालू ठेवावं लागतं, आणि त्या दिवशी सत्तेत असलेल्याला ते थोडं खुपलं तरी चालवून घ्यावं लागतं.

यावर मला दोन उत्तरं मिळतील, आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिलं: लहान देश साधेभोळे नसतात. ते आपल्याला चीनची भीती दाखवून मागण्या वाढवतात, आपल्या विरोधात घोषणा देऊन निवडणुका लढवतात. मालदीवमध्ये २०२३ ची निवडणूक 'भारत बाहेर' या घोषणेच्या वाऱ्यावर गेली आणि पुढच्या मे महिन्यापर्यंत आपले सैनिक परतले. दुसरं उत्तर जास्त गंभीर आहे: हसीना गेल्यानंतर बांगलादेशात हिंदूंवर, त्यांच्या देवळांवर हल्ले झाले. त्याबद्दल गप्प बसायचं का? मुळीच नाही. मुलचेऱ्याच्या बंगाली घरांत ज्यांच्या आज्या त्याच भीतीने पळून आल्या, त्यांना गप्प बसा म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही. तिथल्या सरकारला ठणकावून विचारलं पाहिजे. पण ज्याच्याशी आपली येरझार चालू आहे, त्यालाच आपण घरात बसून विचारू शकतो. नाके बंद, व्हिसा बंद, बस-रेल्वे बंद करून तिथल्या एकाही हिंदू कुटुंबाचं रक्षण झालेलं मला दिसत नाही. उलट तिथल्या कडव्या मंडळींना हवं तेच हाती पडतं. आणि मालदीवशी आपण चिडून तोडलं नाही, शांतपणे बोलत राहिलो, तर वर्षभरात त्यांचेच अध्यक्ष दिल्लीला आले. धीर धरला तर मिळतं, याचं ते ताजं उदाहरण आहे.

विदर्भाच्या माणसाला हा विषय जवळचा वाटावा, याला आणखी एक कारण आहे. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. मोठ्या भावांनी लहान भावाला शब्द दिला: लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, वर्षातून एकदा सरकार नागपूरला. अधिवेशन बहुतेक हिवाळ्यांत होतं, बाकीच्याचं काय झालं हे १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालात आकड्यांनिशी आहे. 'अनुशेष' हा शब्द आम्ही तेव्हापासून पोटात घेऊन फिरतो. दिलेल्या शब्दातलं किती पुरं केलं नाही, त्याची ती बाकी. आमच्या वाट्याला पॅकेजं आली, घोषणा आल्या, दौरे झाले. आमचं मागणं त्याहून साधं होतं: ठरलंय ते द्या. तिस्ताच्या काठचा, बांगलादेशातल्या रंगपूरचा शेतकरी याहून वेगळं काही मागतो, असं मला वाटत नाही.

पाण्याचा आणखी एक मोठा हिशेब समोर आहे. १२ डिसेंबर १९९६ ला गंगेच्या पाण्याचा ३० वर्षांचा करार झाला. फराक्क्याला १९७५ मध्ये धरण सुरू झाल्यापासून चाललेलं भांडण त्याने मिटवलं. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत दहा-दहा दिवसांचा प्रवाह मोजायचा, ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं वाटायचं. त्याची मुदत २०२६ च्या डिसेंबरातली. आपल्याला जास्त पाणी लागतं, हवामान बदललं, हे खरं आहे. नव्याने मोजणी करू, पण मोजणी होईपर्यंत जुना करार चालू राहील, एवढं एक वाक्य दिल्लीने मुदतीच्या बरंच आधी बोलावं. वरच्याने पाण्याबाबत मौन धरलं की खालच्याची झोप उडते. तेलंगणाने गोदावरीवर बांधलेल्या मेडिगड्डा बॅरेजच्या फुगवट्याने ज्यांची शेतं बुडाली, त्या सिरोंच्याच्या लोकांना विचारा. नदी एक, राज्यं दोन, देश एकच, तरी भरपाईसाठी त्यांना उपोषणाला बसावं लागलं.

कांद्यासारख्या मालाची निर्यात बंद करायची वेळ आली तर शेजारी देशांना आधी सूचना आणि ठरावीक किमान वाटा देण्याचा नियम करा. संत्रा, कापूस, सूत यांच्या शुल्काबद्दल एकदा बसून पाच-सात वर्षांचा कागद करा. आंबिया बहार फुटतो जानेवारीत आणि विकला जातो ऑक्टोबर-नोव्हेंबरात. झाडाला ताण द्यायचा की नाही हे आम्ही ज्या दिवशी ठरवतो, त्या दिवशी आम्हाला शुल्क माहीत असावं. झाड तर सहाव्या वर्षी फळ देतं. अनुदानाने एक साल निघतं, बाग उभी राहत नाही. आणि त्या बोलणीच्या टेबलावर वरुडचा, काटोलचा, अचलपूरचा एक तरी बागाईतदार बसवा. त्याला समोरच्या बागाईतदाराची भाषा येत नसली तरी त्याची अडचण कळेल.

आमच्या गावात एक म्हातारे कास्तकार होते, चाळीस एकरांचे. त्यांच्या वावरातून सात घरांची पांदण जायची. त्यांनी आयुष्यात कधी कोणाची बैलबंडी अडवली नाही. सत्तरी उलटल्यावर एक दिवस ते स्वतः तलाठ्याकडे गेले आणि आपल्याच सातबाऱ्यावर, इतर हक्काच्या रकान्यात, ती वाट नोंदवून घ्या म्हणाले. तलाठ्याने विचारलं, दादाजी, कोणाची तक्रार नाही, दावा नाही, मग आपल्याच जमिनीवर बोजा कशाला चढवता? ते म्हणाले, "मी हावो तवर कोनी अडवत नाही. पोट्ट्यायचा भरोसा मी कायले देऊ? लिवून टाका."